तपासणीची काडी बाईच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी धाकटी जाऊ गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली, त्याला या आषाढात सहा वर्षं होतील. मी तेव्हा सिस्टर म्हणून नोकरीत होते. माझ्याच घरातली बाई तपासणीवाचून राहिली, हे मला अजून सोसत नाही.

शिबिराला तिला मीच पाठवलं होतं. शाळेच्या वर्गात दोन बाकं जोडून त्यावर चादर, खिडकीला साडीचा पडदा आणि दाराशी नावं लिहून घ्यायला गल्लीतलाच मुलगा. ती रांगेतून उठून घरी आली आणि सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसली. "त्या पोराला मी कडेवर खेळवलंय, त्याच्यासमोरून आत कशी जाऊ?" एवढंच म्हणाली. पुढे पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल जायला लागलं, तेही तिने अंगावर काढलं. कळलं तेव्हा आजार तिसऱ्या स्टेजला होता.

ती त्या बाकांच्या टेबलाला आणि दारातल्या पोराला लाजली, तपासणीला नाही. आणि आता त्या टेबलाची गरजच उरलेली नाही. या कॅन्सरच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एचपीव्ही हा विषाणू असतो. तो आहे का, हे योनीमार्गातल्या नमुन्यावरून कळतं आणि तो नमुना बाई स्वतः घेऊ शकते. कान साफ करायच्या काडीसारखीच, पण लांब आणि मऊ टोकाची काडी असते. ती आत घालून हळूच काही वेळा फिरवायची, नळीत टाकायची, झाकण लावायचं. मी स्वतः करून पाहिलं, दोन मिनिटंही लागली नाहीत आणि दुखलं नाही. पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुकं शोधायच्या पद्धतीने तपासला तर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ही पद्धत मान्य केली आहे. तपासणी तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी.

एचपीव्ही तपासणीने जीव वाचतात, याचा पुरावा तर आपल्या सोलापूरच्या दारातलाच आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. पुढे बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा यांनी शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष छापून आले. फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. आपल्या भागातल्या बायकांनी दिलेल्या या पुराव्याचा जगभर आधार घेतला जातो. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, या कॅन्सरसाठी कधीतरी तपासणी झालेल्या बायका देशात शंभरात दोनही भरल्या नाहीत! खासगीत ही तपासणी हजारांत जाते, विडीच्या मजुरीत ती बसत नाही.

"आपल्या बायकांना जमेल का?" असं अधिकारी विचारतात. दिवसभर एका मापाच्या विड्या वळणाऱ्या बोटांना एक काडी जड नाही. फक्त माहितीचा कागद चित्रांचा हवा आणि मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूतही हवा. माझ्या घरातच आम्ही तेलुगू बोलतो.

खरी काळजी पुढची आहे. विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि राहिला तरी कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. पण तो शरीरसंबंधातून येतो आणि घरात मोबाईल एकच, तोही बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात. त्यावर निकालाचा मेसेज गेला तर बाईवर काय संशय येईल? संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो, तो कुणाकडून आला हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून निकाल आशाताईने तिला एकटीला गाठून सांगावा. जिच्यात विषाणू सापडेल तिला डॉक्टरांकडून तपासून घ्यावंच लागेल, तिथे मात्र दार बंद असलेली खोली आणि बाई डॉक्टर द्या. कॅन्सरच्या आधीचे डाग उष्णता देऊन काही मिनिटांत घालवता येतात, भरती व्हावं लागत नाही. ही सोय नसेल तर नुसत्या काड्या वाटू नका. आणि जिला पाळी नसताना आताच लाल जातंय तिने काडीवर न थांबता थेट डॉक्टरांकडे जावं.

महापालिका आणि जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे की सुरुवात शहराच्या पूर्व भागातून आणि कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून करा. तिथे विडी कामगारांची दहा हजार घरं एका जागी आहेत. जावेची थोरली मुलगी तिथेच राहते, तेहतीस वर्षांची आहे. तिला विचारलं, काडी आणून दिली तर करशील का? म्हणाली, "दे की पेद्दम्मा (मोठी काकू), कडी लावून करते."

काड्या वाटायला आणि समजावून सांगायला मी आणि माझ्याबरोबरच्या चार निवृत्त सिस्टर बिनपगारी यायला तयार आहोत. महापालिकेने फक्त बोलवावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
अशोक चौक, सोलापूर