एपिक फँटसीची पहिली शंभर पाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुंतागुंतीच्या एपिक फँटसीबद्दल, म्हणजे संपूर्ण काल्पनिक जगात घडणाऱ्या मोठ्या पटाच्या कादंबऱ्यांबद्दल, त्यातही नव्या लेखकाच्या पहिल्याच कादंबरीबद्दल, ‘सुरुवातीला काहीच कळत नाही’ एवढे लिहून परीक्षणे थांबतात, आणि वाचक पुस्तक मिटतो. हे न कळणे बहुधा हेतुपुरस्सर असते. महाभारत उघडणाऱ्याला भीष्म-कर्ण आधीच ठाऊक असतात. इथे घराणी, देव, भूगोल सारेच अनोळखी. स्टीव्हन एरिक्सन यांच्या दहा खंडी मालिकेचा पहिला खंड, ‘गार्डन्स ऑफ द मून’ (१९९९), असाच आहे. ते जग मित्रासोबतच्या रोल-प्लेइंग खेळातून (यात खेळाडू काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेतात) आधीच उभे राहिले होते, त्यामुळे लेखक थांबून समजावत बसत नाही.

अशा पुस्तकाला वेगळी वाचनपद्धत लागते. पात्रसूची असली तरी ती आधी वाचू नये. कोण कोणत्या गोटात आहे हे तिथेच फुटते. स्वतःची वही ठेवावी. प्रत्येक पात्राला एकच ओळ: नाव, त्याला काय हवे आहे, शेवटचे कुठे दिसले, पान क्रमांक. रूपवर्णन लिहू नये, ते उपयोगी पडत नाही. सैन्यातले टोपणनाव, पदवी आणि खरे नाव एकाच ओळीत नोंदवावे, नाहीतर एका माणसाचे तीन होतात आणि घोटाळ्याचे मूळ बहुतेकदा हेच असते. नकाशापाशी दुसरी खूण ठेवावी. ई-बुकमध्ये नकाशा वाचता येत नसेल तर छापून घ्यावा. पहिल्या वाचनाला ऑडिओबुक टाळावे, कारण नावांचे स्पेलिंग कळत नाही आणि प्रसंग बदलल्याची मोकळी ओळ ऐकू येत नाही.

वाचन प्रसंगाच्या मध्ये तोडू नये. आठवडाभर खंड पडला, तर प्रत्येक कथासूत्राची शेवटची दोन पाने पुन्हा वाचावीत. नाव इंटरनेटवर शोधणे सर्वांत घातक. पुढच्या खंडातला मृत्यू पहिल्याच ओळीत दिसू शकतो. प्रकरणारंभीचे काल्पनिक उतारे मात्र प्रकरण संपल्यावर परत वाचावेत, जगाचा इतिहास तिथे लपलेला असतो.

सगळाच गोंधळ मात्र लेखकाच्या पदरी पुण्य म्हणून घालता येत नाही. जग अपरिचित असूनही समोरच्या प्रसंगात कोणाला काय हवे आणि आडवे कोण येते हे स्पष्ट हवे. एक तृतीयांश पुस्तक झाल्यावरही सुरुवातीच्या एकाही कोड्याचा धागा जुळत नसेल, किंवा जादूची किंमत कुणालाच मोजावी लागत नसेल, तर दोष पुस्तकाचा. तेव्हा ते खुशाल सोडावे.

परीक्षकांना एवढीच विनंती की कथासार आटोपते घ्या. त्याऐवजी कथासूत्रे किती, पात्रसूची व नकाशा आहे का, आणि हा खंड स्वतःपुरता पूर्ण होतो का, हे अवश्य सांगा.

आपला,
एक फँटसीवाचक