काखेतले पुस्तक काढणारा चेलोशिक्षक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाब्लो कसाल्स या स्पेनमधल्या कॅटलान चेलोवादकाच्या (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले, बसून वाजवायचे मोठे तंतुवाद्य) जन्माला २९ डिसेंबर २०२६ रोजी १५० वर्षे पूर्ण होत आहेत. जर्मन संगीतकार बाखच्या चेलोसाठीच्या रचना त्यांना तेराव्या वर्षी बार्सिलोनाच्या एका जुन्या दुकानात सापडल्या, ही गोष्ट त्यानिमित्ताने पुन्हा सांगितली जाईल आणि ती सांगण्यासारखी आहेच. परंतु मैफली गाजवणाऱ्या कलावंताच्या कीर्तीआड त्यांच्यातला वाद्यवृंदातला वादक आणि शिक्षक झाकून जातो. मुलांना पेटी आणि व्हायोलिन शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला तोच अधिक जवळचा वाटतो.

कसाल्स यांचे वडील वेंद्रेल गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. मुलाला पहिले तंतुवाद्य त्यांनी सुकलेल्या भोपळ्यापासून करून दिले. तंबोऱ्याचा भोपळा पाहिलेल्यांना याचे नवल वाटू नये. १८९६ मध्ये कसाल्स बार्सिलोनातल्या लिसेऊ नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात प्रमुख चेलोवादक झाले आणि ज्या संगीतशाळेत शिकले होते तिथेच शिकवू लागले. त्या काळी कोपर अंगालगत राहावे म्हणून विद्यार्थ्याच्या उजव्या काखेत पुस्तक धरायला लावीत. कसाल्स यांनी ते पुस्तक काढून टाकले, गज ओढणारा हात मोकळा केला आणि सारा पंजा वरखाली घसरवण्याऐवजी डाव्या हाताची बोटे ताणून स्वर गाठण्याची रीत रूढ केली. पडदे नसलेल्या वाद्यावर हे किती अवघड आहे, ते व्हायोलिनवर नुकतेच बोट ठेवू लागलेल्या मुलाच्या शेजाऱ्यांना विचारावे.

१९२० मध्ये त्यांनी बार्सिलोनात स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि कित्येक वर्षे त्याची तूट परदेशातल्या मैफलींच्या कमाईतून भरून काढली. तरीही तिकिटे कामगारांच्या आवाक्याबाहेर आहेत हे ध्यानात आल्यावर, नाममात्र वार्षिक वर्गणी देणाऱ्या कामगारांचा मैफल संघ १९२६ च्या सुमारास सुरू झाला. रविवारी सकाळी त्यांच्यासाठी तोच वाद्यवृंद, तेच बीथोव्हन. कामगार म्हणून हलके काही वाजवले गेले नाही. १९३६ च्या स्पेनमधल्या यादवी युद्धाने हे सारे मोडले, कसाल्स देशाबाहेर गेले आणि हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत परतले नाहीत. वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर त्यांनी आईच्या जन्मभूमीत, पोर्तो रिको बेटावर, १९५८ मध्ये वाद्यवृंद आणि पुढच्याच वर्षी संगीत महाविद्यालय उभे करण्यास हात घातला.

बार्सिलोना हे तेव्हा कापडगिरण्यांचे शहर होते, आणि गिरणीची पाळी संपवून गिरणगावातल्या खोलीत भजनाला बसणारे आमचे चाकरमानी कोकणातलेच होते. त्यामुळे ‘आपल्याकडच्या कष्टकऱ्यांना असले संगीत कळणार नाही’ हे म्हणणे मला पटत नाही. पहाटेपर्यंत डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ऐकताना कुठल्या बुवाचा सूर हलला हे माणसे बसल्या जागी सांगतात, ते कान आणखी कसले हवेत? मात्र आमच्या तालुक्यात गेल्या खेपेस झालेल्या मैफलीत निमंत्रितांच्या पहिल्या तीन रांगा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या आणि जेटीवरच्या खलाशांना किंवा काजूच्या कारखान्यातल्या बायकांना मैफलीची साधी वर्दीही पोहोचली नव्हती.

म्हणून माझी एक सूचना आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा अल्प वर्गणीत रविवार सकाळच्या दोन मैफली ठेवाव्यात आणि आधी अर्धा तास वाद्ये जवळून दाखवावीत. तंतुवादकांसाठी लांब जायला नको. चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या स्वरलिपी शिकवणारा गोवा आम्हाला हाकेच्या अंतरावर आहे आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतातले कितीतरी वादक तिथूनच आले. आपण हे पत्र छापल्यास इच्छुकांनी वेंगुर्ल्यात एकदा भेटावे. पावसात खळ्यात बसता येणार नाही, पण माझी पडवी पंधरा-वीस माणसांना पुरते.

आपला विनम्र,
एक निवृत्त संगीतशिक्षक, वेंगुर्ले