काका, तो आता आपले बूट आपण घालतो

ती. काकांना सादर नमस्कार,

तुमच्यापुढं कायम दोन-तीन गिऱ्हाईकं ताटकळलेली असतात, आणि आभाराचं बोलायला लागलं की तुम्ही बूट शिवायची आरी उचलून मान खाली घालता. म्हणून लिहिते आहे. तुमच्या मुलाच्या फोनवर पाठवते, सवडीनं वाचा.

माझ्या लेकाचा डावा हात जन्मापासून अधू. मूठ वळते, चिमूट धरत नाही. चौथीपर्यंत वेल्क्रोच्या बुटांवर भागलं. पाचवीत काळे, लेसचेच बूट हवेत असा नियम आला. मी सकाळी घाईघाईत लेस बांधून द्यायचे, ती पीटीच्या तासाला सुटायची. दहा वर्षांचा मुलगा कुणाला म्हणणार, माझी लेस बांधून दे? लेसची टोकं बुटात कोंबून तो दिवस काढायचा. संध्याकाळी मोजे काढले की पावलावर लाल वळ. एकदा जिन्यात लेसवरच पाय पडला आणि हनुवटीला तीन टाके घालावे लागले.

जो तो सांगायचा, सराव करून घ्या. सराव चालूच होता हो! थेरपिस्ट ताईंनी शेवटाकडून शिकवायला सांगितलं होतं: सगळी गाठ आपण मारायची, त्यानं फक्त शेवटचे दोन फास ओढायचे, ते जमलं की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे. एक लेस लाल, एक पिवळी, म्हणजे कुठलं टोक कुठून जातं ते दिसतं. पण ताईंनीच बजावलं होतं, याला महिने लागतील, तोवर रोज शाळेच्या वेळेला त्याची परीक्षा घेऊ नका.

तुमच्याकडं मी नुसती तुटलेली लेस बदलायला आले होते. तुम्ही माझ्याकडं न बघता त्याला म्हणालात, "बाळा, घालून दाखव बरं. कुठं अडतं?" आणि हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्या बोटांकडं बघत बसलात. असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

दोन दिवसांनी बूट दिलेत ते दिसायला अगदी लेसचेच. गाठ मारलेली, पण मेणदोऱ्यानं कायमची शिवलेली. जिभेच्या दोन्ही अंगांना आतून काळं इलॅस्टिक, पाय घातला की पसरतं आणि आपसूक आवळतं. मागं टाचेला नाडीचं बारकं कडं, एक बोट अडकवून बूट वर ओढायला. ते कडं मला सुचलंच नसतं. पहिलं इलॅस्टिक घट्ट झालं, तर तुम्ही उसवून पुन्हा लावलंत आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शाळेनं अशा मुलांना वाजवी सोय करून द्यावी असं आहे. तो कागद घेऊन मी भांडायला निघाले होते. जायची वेळच आली नाही.

पांढऱ्या खेळाच्या बुटांवरची तुमची करामत तर वेगळीच. पट्टा कडीतून ओवून परत मागं चिकटवायचा, म्हणजे एका हातानं काम होतं. आणि डाव्या बुटाचा पट्टा तुम्ही मुद्दाम उलट्या बाजूनं लावलात, कारण दोन्ही बूट तो उजव्या हातानंच घालणार.

परवा त्याला मॅथ्यू वॉल्झरबद्दल वाचून दाखवलं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हातापायांच्या हालचालींवर नीट ताबा नसणं, असलेला हा अमेरिकन मुलगा. त्याला लेस बांधता येत नव्हती. २०१२ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यानं नायकी कंपनीला पत्र लिहिलं, आणि २०१५ मध्ये टाचेभोवती चेन असलेला फ्लायईझ बूट बाजारात आला. लेक ऐकत होता. म्हणाला, "त्याला तीन वर्षं थांबावं लागलं. मला दोनच दिवस."

काका, आता तो माझ्या आधी दारात उभा असतो, बूट घालून. पावसात बूट चिंब भिजले तरी तुमची शिवण तसूभर सुटलेली नाही. लेसचा सराव रविवारी करतो, जुन्या बुटावर, चिडचिड न करता. परवा पहिल्यांदा दोन्ही फास त्याचे त्यानं ओढले.

सोमवारी येते आहे. त्याच्या वर्गातल्या एका मुलीचे कॅनव्हासचे बूट घेऊन. तिचा उजवा हात अधू आहे, म्हणजे या खेपेला उजव्या बुटाचा पट्टा उलटा लावावा लागेल. तिलाही सोबत आणते, तुम्हीच तिला विचारा.

तुमची,
पाचवीतल्या त्या मुलाची आई