मालिकेत निवड झाली, पण करार वाचला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाई, मेणवली आणि साताऱ्याच्या आसपास मालिका-चित्रपटांची चित्रीकरणं आता नवलाईची राहिलेली नाहीत. नणंद, मैत्रीण, शेजारीण अशा भूमिकांसाठी आपल्याकडच्या मुली निवडल्या जातात, गल्लीत पेढे वाटले जातात आणि त्याच आनंदात करारावर सही होते. करार बहुधा इंग्रजीत असतो आणि घरात तो कुणी वाचत नाही. पुढची भांडणं तिथंच सुरू होतात.

अशा भूमिकांचं मानधन दिवसावर ठरतं आणि दिवस म्हणजे बारा तासांची शिफ्ट. महिन्याला किमान किती दिवस काम देणार, तो आकडा करारात लिहून घ्यावा. तो नसेल आणि ‘इतरत्र काम करता येणार नाही’ हे कलम मात्र असेल, तर चारच दिवस बोलावलं तरी मुलगी अडकून पडते. ट्रॅक, म्हणजे मालिकेतला त्या पात्राचा कथाभाग, कधीही संपू शकतो, त्यामुळे आधी कळवण्याची मुदतही मागून घ्यावी. पैसे साधारण ९० दिवसांनी येतात. जूनमध्ये केलेल्या कामाचे सप्टेंबरअखेर. तोवर खोलीभाडं, मेस, जाणं-येणं घरच्यांनीच भागवायचं. समजा २०,००० रुपयांचं बिल झालं. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर, गेला की उरले १८,०००. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन २० टक्के ठरलं असेल, तर पूर्ण बिलावर ४,००० होतात, हातात आलेल्या रकमेवर ३,६००. हे आधी बोलून घेतलं नाही, तर ४,०००च जाणार हे धरून चालावं. टीडीएस मात्र बुडत नाही. तो पॅनवर जमा असतो आणि उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो.

रोज एका वहीत तारीख, कॉल टाइम (सेटवर बोलावल्याची वेळ), सेटवर पोचल्याची वेळ आणि पॅकअपची (चित्रीकरण संपल्याची) वेळ टिपून ठेवावी. प्रॉडक्शननं नऊ दिवस धरले आणि मुलीला अकरा आठवत असले, तर तीन महिन्यांनी नुसत्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? कॉलचे व्हॉट्सॲप मेसेजही पुसू नयेत. रात्री दहाला पॅकअप होतं तेव्हा गावाकडची शेवटची एसटी कधीच निघून गेलेली असते. घरापर्यंत सोडणारी गाडी करारातच हवी, तोंडी शब्दावर नको.

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. ‘नोंदणी’ किंवा ‘पोर्टफोलिओ’च्या (फोटोसंचाच्या) नावाखाली कुणी हजारो रुपये मागितले, तर तिथूनच परत फिरावं. ऑडिशनसाठी पाठवायचा व्हिडिओ घरीच होतो. उजेड समोरून पडेल असं खिडकीकडं तोंड करून उभं राहायचं, पंखा बंद ठेवायचा. आधी नाव, वय, उंची, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू, मग संवाद. सातारी बोली येत असेल तर ती लपवू नये, गावाकडच्या मालिकांना तीच हवी असते.

लहान मुलींच्या बाबतीत पालकांनी अधिक जागरूक राहायला हवं. नियमाप्रमाणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलीच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करावे लागतात.

दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील, तिथं २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी. पहिल्याच दिवशी तिच्या सदस्यांची नावं विचारावीत. तक्रारीला मुदत तीन महिन्यांची आहे.

ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांना सप्टेंबर २०२० मध्ये मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान कोरोनाची लागण झाली आणि साताऱ्यातच त्यांचं निधन झालं. म्हणून आजारपण आणि अपघाताचा खर्च कुणाचा, विमा आहे का, हे कलम सहीआधी शोधावं. सापडलं नाही तर घालून घ्यावं.

आपल्या दैनिकानं अशा करारातली नेहमीची कलमं सोप्या मराठीत छापावीत, ही विनंती.

आपली वाचक,
वाई, जि. सातारा