जहाजाच्या बुडाला मोकळीक का?

संपादक महोदय,

समुद्रातल्या परक्या जीवांचा विषय निघाला की चर्चा जहाजांच्या बॅलास्ट पाण्यापाशीच, म्हणजे तोल राखायला टाक्यांत भरून नेलेल्या पाण्यापाशीच थांबते. कारणही तसेच आहे. १९८०च्या दशकात निमिऑप्सिस हा जेलीफिशसारखा पारदर्शक जीव अशाच पाण्यातून काळ्या समुद्रात शिरला, माशांची अंडी आणि त्यांचे खाद्यही फस्त करत सुटला. बेसुमार मासेमारी होतीच; दशक संपता संपता अँकोव्ही या छोट्या माशाचा धंदा बसला. बॅलास्टसाठी २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, लागू व्हायला २०१७ उजाडले.

पण बुडाला चिकटून जाणाऱ्यांचे काय? बार्नेकल या खडकांना, जहाजांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवाची अळी शेवटच्या अवस्थेत काही खात नाही. शृंगिकांवर चालत जागा पारखते, पसंत पडली की डोक्याकडून सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडते आणि जन्मभर तिथेच. सुकाणूच्या फटी, पाणी आत घेणाऱ्या जाळ्या अशा आडोशाच्या जागी असे जीव चिकटू न देणारा रंग नीट टिकत नाही; नेमकी तिथेच वस्ती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०११ मध्ये आली, २०२३ मध्ये सुधारली, तरी ऐच्छिकच राहिली!

१९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराच्या मरिनांमध्ये (खासगी नौका नांगरायच्या बंदिस्त गोद्यांमध्ये) काळ्या पट्ट्यांचे परके शिंपले सापडले. क्लोरीन आणि कॉपर सल्फेट ओतून त्यांचा निकाल लावला गेला, पण तिथे पाणी अडवायला दरवाजे होते म्हणून. खुल्या किनाऱ्यावर हा उपाय चालणार नाही.

तेव्हा बुडाची तपासणी सक्तीची करा. आणि खरवडलेला थर तिथेच पाण्यात सोडण्यावर बंदी घाला. त्यात जिवंत प्राणी आणि अंडी असू शकतात.

— एक वाचक