मिरजेला सुटलेलं गाठोडं

वडगाव, बेळगाव

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, इंग्रजांनी निदान रेल्वे तरी दिली की!" तेवढ्यात मागावर सूत तुटलं आणि बोलणं अर्धंच राहिलं.

मी दहा-बारा वर्षांचा असेन. साड्या विकायला आजोबांबरोबर पुण्याला निघालो की मिरजेला गाडी बदलावी लागायची. आपल्याकडची मीटरगेज म्हणजे अरुंद रुळांची, पुढची ब्रॉडगेज म्हणजे रुंद रुळांची. डोक्यावर गाठोडी घेऊन फलाटावर पळापळ. एकदा पावसात माझं गाठोडं सुटलं, दोन शहापुरी साड्यांचे पदर चिखलात. आजोबा पुण्यापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

आपल्याकडचे रूळ अरुंद का? स्वस्तात पडतात म्हणून. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात ही लाइन टाकली. दुष्काळात धान्य पोचावं हा हेतू होता, नाही असं नाही. पण डोळा कापसावरही होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि धारवाड-बेळगावच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला ती लढाई संपली, भाव कोसळले. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं सावकाराचं कर्ज तेवढं राहिलं. पुढे आपली लाइन लोंढा, कॅसलरॉकवरून गोव्याच्या मुरगाव बंदराला जोडली. कच्चा माल बंदराकडे, विलायती कापड गावाकडे. आणि देशातल्या सुरुवातीच्या रेल्वे कंपन्यांना गुंतवणुकीवर ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. नफा त्याहून कमी पडला तर भरपाई इथल्या रयतेच्या करातून. याला 'दिली' म्हणायचं?

गोकाकला धबधब्याच्या पाण्यावर सूतगिरणी त्याच काळात उभी राहिली, म्हणजे यंत्र आपल्याला जमत नव्हतं असं नाही. पण १८९६ ला विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली, तेव्हा इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. का, तर मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी कुरकुर करू नये! तो कर जायला १९२५ उजाडलं. हातमागाला तो नव्हता, पण स्वस्त कापडापुढे आपला खड्डामाग किती टिकणार?

मात्र एक खरं. मिरजेची ती बदली इंग्रजांच्या काळातली नव्हे; तेव्हा पुण्यापर्यंत मीटरगेजच होती. स्वातंत्र्यानंतर, १९७० च्या सुमारास पुणे-मिरज लाइन ब्रॉडगेज झाली तेव्हा ती सुरू झाली आणि १९९० च्या दशकापर्यंत चालली. माझ्या चिखलातल्या साड्या इंग्रजांच्या खात्यावर किती टाकायच्या नि आपल्या सरकारच्या किती, हे तुझ्या सरांना विचारून कळव.

आईनं कुंदा बांधून ठेवलाय. दिवाळीच्या गाडीचं रिझर्वेशन आत्ताच कर, मागच्या वेळेसारखं उभ्यानं येऊ नकोस.

तुझा,
बाबा