केटरर गुप्तहेर हवा, पण पंगत कळणारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केटररच खुनाचा छडा लावतो अशा रहस्यकथा इंग्रजीत ढिगाने निघतात. मराठीतही जरूर याव्यात. कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या मंगल कार्यालयाचा भटारखाना त्याला झकास जागा. फक्त बासुंदीत विष कालवून एकटा नवरदेवाचा मामा मारू नका. दोनशे पानांची बासुंदी एकाच पातेल्यातून जाते. मामा गेला तर अख्खी पंगत आडवी होईल.

एकालाच गाठायचं तर पान बघा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर माणसं बसायच्या आधीच वाढलेली असते. म्हणजे मामा कुठे बसणार हे ज्याला ठाऊक होतं, तो संशयित. नाहीतर जेवणानंतरचा विडा. बुफेत मात्र हा बेत बसतच नाही, जो तो आपलं वाढून घेतो.

मग घड्याळ. पंगत उठायच्या आतच मळमळ आणि तोंडाला धातूची चव असेल तर जंतूंना इतक्यात वेळच मिळालेला नसतो. कल्हई उडालेलं पितळी पातेलं आणि त्यात ठेवलेला मठ्ठा शोधा. कळकलेल्या मठ्ठ्याला हिरवट झाक येते. १ ते ६ तासांत उलट्या झाल्या तर आचाऱ्याच्या बोटावरची पिकलेली जखम आणि तासन् तास बाहेर राहिलेली बासुंदी. जखमेतल्या स्टॅफिलोकॉकस जंतूचं विष एकदा तयार झालं की उकळूनही जात नाही, त्यामुळे ‘पुन्हा कढवली होती हो’ ही जबानी निरुपयोगी. त्याच वेळात भातावर संशय असेल तर बॅसिलस सीरियस हा भातातला जंतू. पिंपात दाबून भरलेला भात मध्यभागी कितीतरी तास कोमट राहतो. तोच परातीत पातळ पसरून फ्रीजमध्ये गेला तर वाचतो.

इथे कोठीची वही कामाला येते. बाकीचे पदार्थ असताना शंभर पानांच्या मसालेभाताला ५-६ किलो तांदूळ पुरतो. वहीत २ किलोच निघाला आणि भात तर सगळ्यांना पुरला, तर उरलेला कालचा होता का, हे आचाऱ्याला विचारावं.

आणि नायकाने पहिली हाक भांडी घासणाऱ्या बायकांना मारावी: थांबा! प्रत्येक पदार्थ स्वच्छ डब्यात, चिठ्ठी लावून, फ्रीजमध्ये. अन्नाचे नमुने अन्न व औषध प्रशासनाकडे, व्हिसेरा (मृताच्या पोटातल्या अवयवांचे नमुने) न्यायसहायक प्रयोगशाळेकडे. अहवाल त्याच रात्री येत नाही, हेही लेखकांनी ध्यानात घ्यावं.

— कार्यालयांतून स्वयंपाक करणारे काही आचारी, पुणे